पुढच्या रांगेची बोली

मळ्यातली वस्ती, घोडेगाव शिवार,
ता. नेवासा.
संक्रांतीनंतरचा बुधवार

तीर्थरूप कानिफमामा यांच्या पायांवर भाचा आदिनाथ याचं डोकं.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमची तब्येत कशी आहे ते कळवा असं लिहायची पद्धत आहे, पण तुम्ही कधी कळवत नाही, म्हणून ती बरी आहे असं मीच ठरवून टाकलं आहे. गुडघ्याला तेल लावत जा. मामी गेल्यापासून तुम्ही एकदाच चूल पेटवून दोन्ही वेळचं भागवता असं पाथर्डीच्या स्टँडवर भेटलेल्या एका माणसाने सांगितलं (माणूस तुमच्याच गावचा होता, नाव विचारायचं राहिलं, पण तक्रार त्याने अगदी भाऊबंदासारखी केली). फोन न करता पत्र का लिहितो असं तुम्हाला वाटेल. एक तर फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य संपायच्या आत "बरं, ठेव" म्हणता. दुसरं म्हणजे माझा मोबाईल सध्या तुमच्या भाचेसुनेने, मनकर्णाने, धान्याच्या कोठीत ठेवला आहे आणि कोठीची किल्ली तिच्या कमरेला आहे. तो तिथे का गेला हेच सांगायचं आहे. थोडं लांबेल, पण तुमचाही संबंध आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

बायडाबाई तुम्हाला आठवत असतील. आईचं लग्न व्हायच्या आधी तुमची टोळी उसाला जायची तेव्हा यांची उसाच्या पाचटाची कोपी तुमच्या कोपीला लागून असायची, आणि आई आणि त्या एकाच फडात तोडायच्या, असं आई सांगते. पुढे त्यांना पैठणकडे दिलं, नवरा लवकर गेला, आणि बाईंनी सगळी उमर शेतात आणि लोकांच्या हळदीत गाणी म्हणण्यात घालवली. दोन वर्षांमागे कुणीतरी हळदीतलं त्यांचं गाणं मोबाईलवर टाकलं आणि बाई मोठ्या झाल्या. आता त्यांचे कार्यक्रम होतात, तिकीट लागतं, आणि पुण्याचे लोक डोळे मिटून ऐकतात. ज्या गाण्याने त्या मोठ्या झाल्या ते असं आहे:

गाडी चालली उसाला, घुंगुर वाजे बैलाला
चांद बंधू झोपला, कोन हाकील गाडीला

आमच्या वस्तीवर हे गाणं वाजलं की आई उठून गोठ्यात जायची. मला वाटायचं जुने दिवस आठवून तिला भरून येत असेल. मग दिवाळीनंतर कळलं की बाईंचा कार्यक्रम नगरला आहे (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण एसटीचा कंडक्टर अजून नगरच पुकारतो आणि आपणही तिथेच उतरतो). आई जेवताना एवढंच म्हणाली, "मला फुडं बसायचंय." तुम्हाला तुमची बहीण माहीत आहे. तिने माझ्याकडे आजवर काही मागितल्याचं मला आठवत नाही. लुगडं आणलं तर कशाला आणलं म्हणते, दवाखान्यात नेलं तर वाटेतून परत फिरवते. त्यामुळे मी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी फाट्यावर रामहरीच्या मोबाईलच्या दुकानात गेलो.

रामहरी माझ्या वर्गातला. त्याला सगळ्यातलं कळतं, म्हणजे विचारलं की तो लगेच सांगतो. त्याने बघून सांगितलं की मागच्या खुर्च्यांना ठरलेला दर होता, त्या कधीच संपल्या. पुढच्या दोन रांगा मात्र शिल्लक आहेत, कारण त्यांना दरच नाही. त्यांचा मोबाईलवर लिलाव आहे. जोडीजोडीने खुर्च्या विकायला काढल्या आहेत आणि जो चढी बोली लावील त्याची जोडी. हे ऐकून मी निर्धास्त झालो. मामा, मी घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराशेजारी वाढलेला माणूस. मिसरूड फुटायच्या आत मी उपरण्याखाली व्यापाऱ्याची बोटं दाबून भाव करायला शिकलो. बैल असो की खुर्ची, चार पाय दोघांनाही असतात, असं मी रामहरीला म्हणालो. त्याला ते पटलं, आणि इथून पुढे जे झालं ते आम्हा दोघांना पटत गेल्यामुळेच झालं.

आधी नाव नोंदवावं लागतं. मी आईचं नाव घातलं, कारण खुर्ची तिची (रामहरी तेव्हा गिऱ्हाइकाकडे वळला होता). मग बँकेचं कार्ड जोडावं लागतं, आणि बोली लावली की तेवढी रक्कम बँकेत अडकून पडते. आपलीच असते, पण हात लावता येत नाही. खाली अटी होत्या. रामहरीने त्या बोटाने वर ढकलून दिल्या. त्यात लिहिलं होतं की एकदा लावलेली बोली मागे घेता येत नाही. हे मला नंतर कळलं. कळलं असतं तरी मी हसलो असतो, कारण बाजारात बोलीवरून मागे फिरणं हाच तर निम्मा व्यवहार असतो.

मी बाजारच्या रीतीने सुरुवात केली. म्हणजे दिसत होती त्या बोलीच्या निम्मं बोललो. मोबाईलने घेतलं नाही, किमान बोली इतकी, असं लाल अक्षरात आलं. मी तोंड वाकडं करून मोबाईल बाजेवर ठेवला आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेलो, मागे वळून न बघता. बाजारात अशा वेळी व्यापारी दावणीपासून रस्त्यापर्यंत मागे येतो. इथे कुणी आलं नाही. म्हशीला दोनदा पाणी दाखवून झालं (दुसऱ्यांदा तिने प्यायलं नाही), मोबाईल जसाच्या तसा बाजेवर, आणि मी नव्हतो तेवढ्या वेळात चौघांनी बोली वाढवलेली. नावं पुरती दिसत नाहीत. पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर, मध्ये फुल्या. समोर कोण आहे, त्याला गरज आहे की नुसती हौस, घरी बायको रागावेल का, यातलं काहीच चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, कारण चेहराच नाही. मी किमान बोली लावली आणि घाम पुसला.

चष्म्याशिवाय मला वाचता येत नाही, म्हणून रामहरीने मोबाईल असा लावून दिला होता की आलेला निरोप तो मोठ्याने बोलेल. तो बोलायचा बाईच्या आवाजात, आणि वेळ बघत नसे. आमच्या शेजारच्या वस्तीवरचे गोरक्षनाथ अण्णा वारले, त्यांचा दहावा नेवाशाला प्रवरेच्या घाटावर होता. कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं, सगळे हात जोडून उभे, आणि अण्णांची मुलं एकेक कबुली देऊन बघत होती. नातवाला शिकवू म्हणाले, म्हातारीला सांभाळू म्हणाले, बांधावरचं झाड तोडणार नाही म्हणाले. कावळा समोरच्या फांदीवर बसून ऐकत होता. पुरोहित थकून गप्प झाला, आणि त्या शांततेत माझ्या खिशातून बाई स्वच्छ आवाजात बोलली की आपली बोली कमी पडत आहे, कृपया बोली वाढवा. अण्णांच्या थोरल्या मुलाचा चेहरा उतरला. त्याने डोळे मिटले आणि बहिणीचा विहिरीतला हिस्सा तिला देऊन टाकतो असं सगळ्यांसमक्ष कबूल केलं. कावळा उतरला. तेव्हापासून अण्णांची मुलगी मला रस्त्यात दिसली की पदर सावरून नमस्कार करते, आणि मी घेतो.

घाटावरून मी तडक रामहरीकडे गेलो, की रोज कोण बोली वाढवत बसणार. त्यावर तो म्हणाला, यात सोय असते. आपण मनातला शेवटचा आकडा एकदाच सांगून ठेवायचा. तो कुणाला दिसत नाही. मग दुसऱ्याने बोली वाढवली की यंत्र आपल्या वतीने त्याच्या फक्त एक पायरी वर जातं आणि थांबतं. कुणी आलंच नाही तर आपला आकडा गुलदस्त्यात राहतो आणि जोडी स्वस्तात पडते. सोय चांगली आहे, अजूनही मी तिला नावं ठेवत नाही. मी घरी येऊन, आईकडे एकदा बघून, चांगला मोठा आकडा टाकला. कालवड घ्यायची म्हणून बाजूला ठेवलेलं सगळंच त्यात आलं. हे रामहरीला सांगायचं राहून गेलं.

आता रामहरीने काय केलं ते ऐका. बाजारात आपल्याला बैल घ्यायचा असेल तर आपण आपलाच एक माणूस आधी पाठवतो. तो अनोळखी होऊन जातो, जनावरात खोट काढतो आणि अगदीच कमी भाव बोलतो. मालक भावात खाली येतो, मग आपण थोडं वर बोलून गोड होतो. रामहरीने मैत्रीखातर तेच केलं. दुकानाच्या नावाने नोंद करून तो त्याच जोडीवर बोली लावू लागला, अगदी कमीत कमी, एकेक पायरी, म्हणजे समोरचा खाली यावा. पण इथे खाली येणारं कुणी नव्हतं. त्याची पायरी पडली की माझ्या वतीने यंत्र त्याच्यावर एक पायरी चढायचं. मग तो पुन्हा एक पायरी, पुन्हा यंत्र. बाकीचे लोक केव्हाच दुसऱ्या जोड्यांकडे निघून गेले होते. त्याला वाटलं, हा कुणीतरी पुण्याचा हट्टी माणूस आहे, आदिनाथने पुन्हा मैदानात यायच्या आत याला दमवला पाहिजे.

लिलाव बंद व्हायची वेळ दुपारची होती. मी गोठ्याच्या ओट्यावर बसलो होतो, आई शेजारी, मनकर्णा मेथी निवडत होती. यात आणखी एक नियम आहे. बंद व्हायच्या शेवटच्या क्षणांत कुणी बोली लावली तर वेळ पुढे सरकते, म्हणजे दुसऱ्यालाही संधी मिळावी. त्यामुळे वेळ संपत आली की पलीकडून एक पायरी पडायची आणि वेळ परत वाढायची. मेथी निवडून झाली, शेंगा फोडून झाल्या, आणि लिलाव चालूच. शेवटी मी मनकर्णाच्या फोनवरून रामहरीला विचारलं की एक माणूस हटत नाही, काय करू. तो म्हणाला, मीही मघापासून बघतोय, एक जण जाम हटत नाही, तू दम काढ, मी त्याला सोडत नाही. मला बरं वाटलं. आपल्या बाजूने कुणीतरी आहे, या भरवशावर मी माझा शेवटचा आकडा आणखी वाढवला. पलीकडे त्यानेही जोर धरला. फोन चालूच होता, आणि आम्ही एकमेकांना धीर देत होतो.

मनकर्णाने हात पुसले आणि रामहरी तिथे कोणत्या नावाने आहे असं विचारलं. मी त्याला विचारलं. त्याने सांगितलं. मी मोबाईलवर त्या फुल्यांकडे पाहिलं. मग रामहरीने विचारलं की तू कोणत्या नावाने आहेस. मी सांगितलं. रामहरीचं बोट तिथेच थांबलं, आणि पुढची पायरी न पडल्यामुळे लिलाव बंद झाला. पहिल्या रांगेतली मधली जोडी श्रीमती साळूबाई यांना मिळाल्याबद्दल बाईच्या आवाजात अभिनंदन झालं. भाव गाभण कालवडीचा पडला होता. वर सेवा शुल्क होतं, ते साधारण तिच्या पोटातल्या वासराएवढं. रामहरी म्हणाला, भाव चढला म्हणजे माल चांगला. मोबाईल कोठीत गेला तो तेव्हा.

तिकिटं दोन. मनकर्णा म्हणाली, त्या खुर्चीत मला बसवणार नाही, बसल्यावर उठवणार नाही. म्हणून आई आणि मी गेलो. आईने नवं लुगडं नेसलं, जे आणल्याबद्दल मी बोलणी खाल्ली होती. सभागृह मोठं, खुर्च्या मऊ, आणि माझ्या शेजारी पुण्याचे एक प्राध्यापक. ते मला समजावून सांगू लागले की चांद बंधू झोपला या ओळीत ऊसतोड मजुराचं विश्वाशी असलेलं नातं आहे, चंद्र म्हणजे पाठीराखा, आणि तोच निद्रिस्त, म्हणजे गाडी अर्थात मानवजात निराधार. त्यांनी त्यावर लेख लिहिला आहे. मी मान हलवत होतो. आई समोर बघत होती.

बायडाबाई आल्या. आईपेक्षा वाळलेल्या, पण आवाज असा की मागच्या भिंतीला लागून परत यावा. शेवटी ते गाणं सुरू झालं. चांद बंधू झोपला, एवढं त्या म्हणाल्या आणि माझी आई उभी राहिली. ती ओरडली नाही. फडात पलीकडच्या सरीतल्या बाईला सांगावं तसं म्हणाली, "चांद न्हाई. कानिफ."

मामा, तेव्हा मला कळलं की ती गोठ्यात का जायची. भरून येत नव्हतं, राग येत होता. ओवी तिची. गाडीत तुम्ही झोपला होता, बैल रस्ता सोडून चालले होते, आणि तिने गाडीतल्या पाचटावर बसून ती जुळवली होती. कानिफ बंधू झोपला, कोन हाकील गाडीला. तिच्या भावाचं नाव काढून तिथे चंद्र घातला, हे ती दोन वर्षं गिळत होती, आणि पुढची खुर्ची तिला आवाज पोचावा म्हणून हवी होती.

पेटी थांबली. बाईंनी दिव्याच्या उजेडाआड हात धरून बघितलं आणि साळू का, असं विचारलं. आईने माझ्या भावाचं नाव का काढलं एवढंच विचारलं. सगळं सभागृह ऐकत होतं. मग माईक तोंडाशी तसाच असताना, पण फक्त आईशी बोलल्यासारखं बायडाबाई म्हणाल्या, "त्याला मी बंधू कसं म्हनू, साळू? चांदाला म्हनलं तर चालतंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या ते त्यांना माहीत. प्राध्यापकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांना सांगितलं की कानिफ माझे मामा आहेत आणि पाथर्डी तालुक्यात असतात. त्यांनी ते लिहून घेतलं. आई उभीच होती. तिच्या तोंडावर मी आजवर न बघितलेलं काहीतरी होतं, जणू इतकी वर्षं कोपीला कोपी लावून राहून तिला शेजारचं कळलं नव्हतं. मग ती हळू म्हणाली, "मग ती वळ मी म्हनते," आणि तिने ती म्हटली. तुमचं नाव घेऊन, खुर्चीपाशी उभी राहून. पहिली ओळ बायडाबाईंनी, दुसरी आईने, असं पुन्हा पुन्हा, आणि पेटीवाला दोघींच्या मागे मागे. मी तोवर त्या खुर्चीचा भाव विसरलो होतो. मनकर्णाला हे वाक्य दाखवणार नाही.

तर आता मुद्द्याचं सांगतो. कुणीतरी तेही मोबाईलवर टाकलं आहे आणि लोकांनी ते भरपूर बघितलं आहे. गाडीत झोपलेला कानिफ म्हणून तुमचं नाव पार मुंबईपर्यंत गेलं आहे. गावातली पोरं तुमच्याकडे बघून हसत असतील तर ते यामुळे, धोतराला काही झालेलं नाही. वाईट वाटून घेऊ नका. बाकी सर्व क्षेम आहे. ज्वारी हुरड्यात आली आहे, म्हैस आटली आहे, मनकर्णा तुम्हाला नमस्कार सांगते.

आपला भाचा,
आदिनाथ

ता. क. कार्यक्रमानंतर बायडाबाई पुण्याच्या गाडीत बसल्या नाहीत, आम्ही भाड्याने केलेल्या जीपमध्ये बसल्या. तेव्हापासून आमच्याकडेच आहेत. दोघी पहाटेपासून गातात, आणि गात नसतील तेव्हा दुसऱ्या कडव्यावरून भांडतात. मनकर्णाचं म्हणणं आहे की एखाद्या शांत जागी, जिथे ते दुसरं कडवं आठवणारा माणूस असेल, तिथे दोघींना थोडे दिवस ठेवावं. तुमच्याकडे जागा आहे. पत्र खरं म्हणजे यासाठीच.

ता. क. बायडाबाईंना तुम्हाला एक विचारायचं आहे. ओवी जुळली तेव्हा त्या आईच्या शेजारी पाचटावरच बसल्या होत्या आणि गात होत्या. तुम्ही गाडीत खरंच झोपला होता, की डोळे मिटून ऐकत होता? मी म्हणालो, पत्रात लिहितो. त्या म्हणाल्या, लिहू नको, मी विचारीन. मी लिहिलं. म्हणजे उत्तर जुळवायला तुम्हाला वेळ मिळेल.

ता. क. वेळ फार नाही. हे पत्र तुमच्या हातात देणारा माणूस जीपचा ड्रायव्हर आहे. दोघींना मढीला दर्शनाला उतरवून तो पुढे आला आहे, आणि तुमचं वाचून झालं की त्यांना आणायला परत जाईल. त्याला चहा द्या, जरा रेंगाळू द्या. तेवढ्यात दाढी करून घ्या.